आधी माया, मग उपदेश



११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला. १० माणसं शहीद झाली. अंगावरच्या जखमेला टाके पडतात. पण ज्यांनी असं डोळ्यांदेखत पाहिलं, त्यांच्या मनाच्या जखमेचं काय?

रात्री किंचाळून उठणं, फटाका वाजला की थरथरणं, त्या रस्त्याला न जाणं. असं महिन्याच्या वर टिकलं तर तो आजार असू शकतो. डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात. आम्ही मात्र अशा एका पोराला 'नाटकं करतो' म्हणून हसलो. आम्ही चुकलो.

पटाचारेची कथा आपण विहारात ऐकतो. नवरा, दोन लेकरं, आईबाप गेले. ती भ्रमिष्ट झाली. लोकांनी हाकललं. तथागतांनी जवळ येऊ दिलं, कुणी अंगावर वस्त्र टाकलं, तिचं दुःख ऐकलं गेलं. उपदेश त्यानंतर. हीच शुश्रूषा!

घरी एवढं करा. पाठीमागून एकदम हात लावू नका, समोरून नाव घेऊन या. खोदून विचारू नका. तो बोलेल तेव्हा मुकाट ऐका. जेवणाझोपेची वेळ सांभाळा. दारू हे औषध नव्हे. मरणाची भाषा केली तर एकटं सोडू नका. गंडेदोरे नकोत, सरकारी इस्पितळाच्या मानसोपचार विभागात न्या. टेली-मानसचा १४४१६ हा फोन फुकट आहे.

बाबासाहेबांनी आपल्याला माणूस केलं. खचलेल्या माणसाजवळ बसणं एवढं तरी आपण करू.

जयभीम! नमो बुद्धाय!