पहिला आला आणि हरला



छापील कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'मोटारसायकलींच्या सांघिक शर्यती' हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना मुद्रणदोष वाटला असेल. काल याच व्यासपीठावर उपनिषदांवर विवेचन झाले, आणि आज कामगार चळवळीतला माणूस मोटारसायकलींवर बोलायला उभा राहतो, हे जरा चमत्कारिकच. चालकांनी आम्हांला महागाईभत्त्यावर बोला असे सुचवले होते. परंतु महागाईभत्त्यावर आम्ही वर्षाचे तीनशे दिवस बोलतो. एक संध्याकाळ सुटी घ्यावी म्हटले. सुटी काही मिळाली नाही ती गोष्ट वेगळी; कारण या शर्यतीच्या पोटातही शेवटी मजुरीचाच प्रश्न निघाला.

या खेळाला स्पीडवे म्हणतात. आपण जत्रेत 'मौत का कुआँ' पाहिला आहे; लाकडी विहिरीच्या भिंतीवरून मोटारसायकल गरगर फिरते आणि आपण वरून श्वास रोखून बघतो. स्पीडवे त्याचा उघड्या मैदानातला भाऊ समजा. मातीची अंडाकृती धावपट्टी. चार स्वार एका फितीसमोर उभे राहतात, फीत वर उडते, आणि डावीकडे वळत वळत चार फेऱ्या मारायच्या. सारा खेळ मिनिटा-सव्वा मिनिटाचा. गाडीला एकच सिलिंडर, ५०० घनसेंटिमीटरचे इंजिन, इंधन पेट्रोल नव्हे तर मिथेनॉल, आणि ब्रेक अजिबात नाही. ब्रेक विसरून राहिलेला नाही, मुद्दामच ठेवलेला नाही. एकाने दाबला तर मागचा त्याच्यावर आदळेल. मग वळण घ्यायचे कसे? मागचे चाक बाहेरच्या बाजूला घसरू द्यायचे, पुढचे चाक उलट उजवीकडे धरायचे, आणि पोलादी तळ लावलेला डावा बूट मातीवर टेकवत गाडी तोलायची. बघणाऱ्याला वाटते हा पडला. तो पडत नाही, तो वळतो आहे.

या खेळाचा जन्म बहुधा १९२३ सालचा धरतात. ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड गावी शेतकी प्रदर्शनाच्या मैदानावर, विजेच्या दिव्यांच्या उजेडात, जॉनी हॉस्किन्स नावाच्या चिटणिसाने अशा शर्यती भरवल्या. १९२८ साली तो लंडनजवळ हाय बीच येथे पोचला, आणि तेथून युरोपभर पसरला. एकेकट्याची जागतिक स्पर्धा १९३६ पासून होती. देशादेशांच्या संघांची स्पर्धा मात्र १९६० साली सुरू झाली, आणि आमचे बोलणे आहे ते तिच्याविषयी.

तिची रचना ऐकण्यासारखी आहे. अंतिम सामन्याला चार देश. प्रत्येक शर्यतीत प्रत्येक देशाचा एकच स्वार. म्हणजे संघाचा सामना खरा, पण धावपट्टीवर तुमच्या संघातला दुसरा कोणीही तुमच्या शेजारी नाही. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला शून्य. अशा १६ शर्यती, एकूण ९६ गुण. धावायचे एकट्याने आणि हिशेब सर्वांचा एकत्र.

पहिला सामना स्वीडनमध्ये गोटेबोर्ग येथे झाला. ओव्हे फुंदिन या जगज्जेत्या स्वाराच्या स्वीडनने ४४ गुण मिळवून तो जिंकला. इंग्लंडचे ३०, चेकोस्लोव्हाकियाचे १५, आणि शेवटी पोलंडचे ७. सोळा शर्यतींत सात गुण! आपल्याकडे असा संघ परत आला असता तर स्टेशनावर हार घालायला कोणी गेले नसते. पुढच्या वर्षी, १९६१ साली, सामना पोलंडमध्येच व्रोत्स्वाफ येथे झाला. पोलंड ३२, स्वीडन ३१, इंग्लंड २१, चेकोस्लोव्हाकिया १२. एका गुणाने पोलंड जिंकला. तो एक गुण कोणाचा? कापाला, त्कोच, काइझर, पोवूकार्द, झितो यांपैकी कोणाचाही म्हणा. पहिला येणाऱ्याचे चित्र छापले जाते; पण चौथा जात असताना शेवटच्या वळणावर तिसरा आला आणि शून्याचा एक केला, त्याचे कोण छापणार? ३२ आणि ३१ यांच्यात अंतर त्याच माणसाएवढे आहे.

आम्हांला या खेळाची ओळख झाली तीही पोलंडमुळेच. तिथल्या कामगारसंघटनांची माहिती वाचत असता चेंस्तोहोवा शहराच्या एका मंडळाचे नाव आले: 'व्हुक्न्याश'. अर्थ पाहिला तर 'वस्त्रकामगार'! यंत्रमागाच्या गावात उभी हयात गेलेल्या आमच्यासारख्याला पुढे वाचल्यावाचून राहवेना. हे वस्त्रकामगार करतात काय, तर बिनब्रेकच्या मोटारसायकली पळवतात. तेच चेंस्तोहोवा पोलंडची पंढरी आहे. उन्हाळ्यात लोक पायी चालत तिथल्या मेरीमातेच्या दर्शनाला जातात. मग इतर नावे दिसत गेली. 'कोलेयाश' म्हणजे रेल्वेकामगार, 'गुर्निक' म्हणजे खाणकामगार, 'स्ताल' म्हणजे पोलाद. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या सरकारने क्रीडामंडळे धंदावार कामगारसंघटनांना जोडली, त्याची ही खूण. कारखान्याचे कसबी हात आणि सुटे भाग या खेळाच्या कामी आले, आणि रिब्निकसारख्या कोळशाच्या गावात तो घरचा झाला. यावरून कोणी त्या राजवटीची आरती करू नये. ज्या संघटनेला संप करता येत नाही तिला आम्ही संघटना म्हणत नाही, आणि पोलिश कामगारांनीही म्हटली नाही. म्हणून तर १९८० साली ग्दान्स्कच्या गोदीत त्यांना आपली संघटना नव्याने उभारावी लागली. ती राजवट गेली. 'व्हुक्न्याश' हे नाव राहिले. २००१ पासून ही स्पर्धा विश्वचषक म्हणून होऊ लागली, तेव्हा २०१७ पर्यंतच्या १७ चषकांपैकी ८ पोलंडने नेले.

आता मजुरीकडे वळतो. देशादेशांचा सामना वर्षातून एखादा. स्वाराचे पोट भरते ते मंडळांच्या साखळी सामन्यांवर. तिथे तो बहुधा नोकर नसतो, कंत्राटी असतो. गाड्या त्याच्या, मेकॅनिक त्याचा, आणि मोबदला गुणागणिक. म्हणजे आपल्या विणकराची पिकावरची मजुरीच ही! जेवढे कापड तेवढा पैसा, माग बंद तर चूल बंद. हाड मोडले की गुण थांबले, आणि गुण थांबले की पैसा थांबला. हाडे तर मोडतातच. ब्रिटनकडून विश्वचषकात उतरलेला ली रिचर्डसन २०१२ साली व्रोत्स्वाफच्या मैदानावर कुंपणावर आदळून गेला. ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड २०१५ साली पोलंडमध्येच पडला. पाठीचा कणा दुखावला आणि तो चाकांच्या खुर्चीला खिळला. आता पुष्कळ ठिकाणी वळणावर हवा भरलेले कुंपण असते. आमच्या अनुभवात असे कुंपण मजुराला आधी कधी मिळत नाही, नंतर मिळते.

साखळी सामन्यात एका शर्यतीत प्रत्येक मंडळाचे दोघे असतात. मजुरी गुणागणिक, तेव्हा विचार करा: माझा सोबती पुढे, मी त्याच्या मागे, प्रतिस्पर्धी माझ्या मागे. मंडळाला दोघांपैकी कोण पुढे याने काही फरक पडत नाही. मला मात्र पडतो. सोबत्याला मागे टाकले तर एक गुणाची कमाई जास्त. मग मी त्याला कोपर का मारू नये? यावर या लोकांनी तोड काढली आहे. आपल्याच सोबत्याच्या लगोलग मागे, प्रतिस्पर्ध्याच्या पुढे आलेल्या स्वाराला एक जादा गुण देतात. तो मंडळाच्या बेरजेत धरत नाहीत, फक्त मजुरीत धरतात. झाले! सोबत्याला मागे टाकण्यातला फायदाच गेला.

हे वाचले त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. कारण सांगतो, लपवण्यात अर्थ नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही एक करार केला होता. मालकाने सुचवले, महिन्यात जो सर्वांत जास्त कापड काढील त्याला वेगळे बक्षीस. पैसा येतो आहे, येऊ द्या म्हणून आम्ही सही केली. दोन महिन्यांत खात्याचा नूर पालटला. पूर्वी एकाचा ताणा तुटला की शेजारचा आपला माग थांबवून तारा ओढायला जाई. तो आता मान खाली घालून आपलाच माग बघू लागला. चांगल्या सुताच्या बिमासाठी दिवाणजीची खुशामत सुरू झाली. कांड्या भरणाऱ्या बायकांना हा म्हणे आधी माझ्या, तो म्हणे आधी माझ्या. पुढे खरा वाटाघाटीचा दिवस आला तेव्हा सभेला निम्मे लोक आले नाहीत. आम्ही त्यांना स्वार्थी म्हटले. माणसे तीच होती हो. हिशेब बदलला होता, आणि तो बदलणाऱ्या कागदावर आमची सही होती.

असो. स्पर्धेकडे परत येतो. २०१८ पासून विश्वचषकाच्या जागी देशादेशांच्या जोड्यांची स्पर्धा आली. तिला स्पीडवे ऑफ नेशन्स म्हणतात. आता एका शर्यतीत दोन देश, प्रत्येकाचे दोघे. २०२१ साली तिच्यात गुणांची मोजणी अशी होती: पहिल्याला ४, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला २, आणि चौथ्याला शून्य. बेरीज करून पाहा. पहिला आणि शेवटचा मिळून ४. दुसरा आणि तिसरा मिळून ५.

त्या वर्षी ऑक्टोबरात मँचेस्टरला अंतिम शर्यत लागली ती पोलंड आणि ब्रिटन यांच्यात. पोलंडकडे बार्तोश झ्मार्झलिक, २०१९ आणि २०२० या दोन्ही वर्षांचा जगज्जेता, आणि त्याच्या जोडीला माचेय यानोव्स्की. ब्रिटनकडे रॉबर्ट लँबर्ट आणि डॅन ब्युली, दोघेही तरुण. झ्मार्झलिक पहिला आला. त्याने जे करायचे ते सगळे केले. पण त्याच्या मागे लँबर्ट आणि ब्युली, आणि यानोव्स्की सर्वांत मागे. पाच विरुद्ध चार. जुन्या मोजणीने तीन-तीन अशी बरोबरी झाली असती. १९८९ नंतर ब्रिटनने सांघिक जगज्जेतेपद मिळवले ते असे, पहिला क्रमांक न मिळवता. २०२५ पर्यंत जोड्यांची ही स्पर्धा पोलंडला एकदाही जिंकता आलेली नाही, आणि जगातला सर्वांत मोठा स्वार या काळात त्यांच्याकडेच आहे.

आणखी एक गंमत सांगून थांबतो, अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. त्या शर्यतीत समोरासमोर असलेले ब्युली आणि यानोव्स्की हे एरवी एकाच मंडळाचे, व्रोत्स्वाफच्या स्पार्टाचे स्वार. त्याच वर्षी दोघांनी मिळून पोलिश साखळी जिंकली होती. पुढे २०२३ साली चौघाचौघांचा विश्वचषक एकदा परत आला. अंतिम सामना व्रोत्स्वाफलाच, १९६१ मध्ये एका गुणाने जिंकला होता त्याच शहरात. या खेपेस पोलंड ३३, ब्रिटन ३१. यानोव्स्की पोलंडच्या संघात होता, ब्युली ब्रिटनच्या, आणि दोघांचेही ते रोजच्या कामाचे मैदान होते.