मनाचे आजार आणि बाह्यरुग्ण उपचार

सोन्याचांदीतील हीण काढणारा विट्याचा गलाई व्यावसायिक देशभर पांगला आहे. दुकान परप्रांतात, वडीलधारी मंडळी खानापूर तालुक्यात आणि मुले कधी इथे, कधी तिथे, अशी कित्येक कुटुंबांची विभागणी असते. अशा घरात कर्ता पुरुष अबोल झाला किंवा मूल शाळेचे नाव काढताच रडू लागले, तर ते ध्यानात येण्यासच महिने लोटतात. मग अंगारे, देवऋषी. डॉक्टर सर्वांत शेवटी.

मनाचा आजार म्हटला की लोकांना येरवडा, रत्नागिरीची मनोरुग्णालये आठवतात. वस्तुतः नैराश्य, चिंता, मुलांच्या वर्तनाच्या तक्रारी यांपैकी बहुतेकांत दाखल व्हावेच लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात तपासणी, समुपदेशन, गरजेपुरते औषध आणि ठरल्या दिवशी पुन्हा भेट, एवढ्यावर उपचार चालतात. शेजारच्या कर्नाटकात बळ्ळारी जिल्ह्याने हे प्राथमिक आरोग्य केंद्रांतून करून दाखविले. त्याच धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला.

नैराश्यावरील औषधाचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात. नेमक्या तेवढ्यात गोळ्या बंद होतात. बरे वाटले तरी बंद होतात! घरच्यांना बोलावले जाते ते दोष देण्यासाठी नव्हे. मुलाच्या बाबतीत तर आईवडील, आजी, शिक्षक यांचे म्हणणे ऐकल्यावाचून निदान पुरे होत नाही. वडील परमुलखी असतील तर त्यांनी निदान दूरध्वनीवरून डॉक्टरांशी बोलावे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलिमानस’चा विनामूल्य सल्ला मराठीसह अनेक भाषांत रात्रंदिवस मिळतो.