आधी खराटा, मग कीर्तन



पदवीधर मित्रमैत्रिणींनो, तुमच्या पदवीवर संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचं नाव आहे. ज्यांच्या नावाचं हे विद्यापीठ, त्यांना शाळा लाभली नव्हती. १८७६ साली शेंडगावात जन्मलेला डेबू दापुऱ्यात मामाकडे गुरं राखत, शेतात राबत वाढला. जे शिकला, ते बघून शिकला.

आपल्या हिवरखेड गावच्या शिवाराला बघून शिकण्याची ही रीत नवी नाही. तिफणीच्या काळात चाड्यावर मूठ धरायला कुणी वर्गात बसलं नव्हतं. आईच्या मागोमाग तासातून चालता चालता मुठीतून दाणा किती सोडायचा, हे पोरीच्या बोटांना कळत गेलं.

शिकवण्यासाठी गाडगे बाबांनी हीच वाट धरली. गावात आले की आधी उपदेश नाही; खराटा घेऊन थेट घाणीला भिडायचं. लोक आधी नुसते बघत. मग कुणी फावडं आणी, कुणी टोपलं. गाव झाडून झालं की रात्री कीर्तन. ते शब्द लोकांच्या मनात उतरत, कारण बोलणाऱ्याचे हात त्यांनी दिवसा पाहिलेले असत. त्याही आधी, स्वतःच्या लेकीच्या बारशाला त्यांनी रूढीप्रमाणे दारू-मटण न ठेवता गोडाचं जेवण वाढलं होतं. चार लोक करतात म्हणून कर्ज काढून पंगती घालायची चाल त्यांनी आधी आपल्या अंगणात मोडली.

बघून शिकणं प्रयोगातही दिसलं आहे. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत १९६१ साली लहान मुलांसमोर एका मोठ्या माणसाला बाहुलीला मारायला लावलं. नंतर ती मुलंही तशीच मारू लागली, शब्दसुद्धा त्याचेच. १९६५च्या प्रयोगात मारणाऱ्याला शिक्षा झालेली ज्यांनी पाहिली, त्या मुलांनी नक्कल कमी केली. पण ‘करून दाखव, बक्षीस देतो’ म्हणताच त्यांनीही जवळपास इतर मुलांइतकंच करून दाखवलं. म्हणजे पाहिलेलं आत साठून राहतं आणि फायदा दिसला की बाहेर येतं.

म्हणून मला परीक्षेच्या दिवसांची काळजी वाटते. केंद्राच्या खिडकीवर चढून चिठ्ठी फेकणाऱ्या काकाला खाली उभा असलेला सहावीतला पुतण्या बघत असतो. त्याचा पेपर अजून चार वर्षं लांब आहे, पण धडा त्याच दिवशी पुरा झालेला असतो. पुढे त्याला प्रामाणिकपणावर निबंध लिहायला सांगून काय उपयोग?

आजपासून गल्लीतली पोरं तुमच्याकडे बघतील. तुम्ही शिकलेले आहात, म्हणून जरा जास्तच बघतील. शेतात फवारणी कराल तेव्हा तोंडाला मास्क आणि हातात मोजे घाला. बांधावरचा मजूर ते पाहील. कचेरीत बसाल तेव्हा म्हाताऱ्या माणसाला खुर्ची द्या. शेजारचा कारकून ते पाहील. लग्न हुंड्याशिवाय करा. पुढे धाकट्या बहिणीच्या लग्नात हुंडा मागताना समोरच्यांना विचार करावा लागेल. खर्रा खाऊन भिंत रंगवायची आणि स्वच्छतेवर बोलायचं, असं बाबांच्या नावाची पदवी घेऊन करू नका.

गावाला सांगण्यासारखं तुमच्याकडे आज पुष्कळ आहे. ते अवश्य सांगा, फक्त बाबांचा क्रम पाळा. जे गावाने करावं असं वाटतं, ते आधी लोकांदेखत स्वतः करा आणि रोज करा.