पऱ्हाटीसाठी पंजा घेताना
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस वेचून झाला, पऱ्हाटी उभी आहे आणि मजूर मिळत नाही. देवळीला जा, हिंगणघाटला जा, समुद्रपूरला जा, गाऱ्हाणे हेच. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला, तेव्हापासून आपल्याला पाठ झाले आहे की फरदड धरायची नाही, डिसेंबरअखेर पीक संपवायचे आणि पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर पावसाळ्यापर्यंत ठेवायचे नाहीत. न उमललेल्या बोंडात अळी झोपून राहते आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन त्याच वावरात उतरते. सांगणाऱ्याचे काय जाते? पऱ्हाटी वावराबाहेर काढायची मजुरी आपल्याच खिशातून जाते. म्हणून पंधरा-वीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर असलेले आपले भाऊ विचारतात, मागे लावायचा पंजा घ्यावा काय?

पहिली गोष्ट, पंजा पऱ्हाटी उपटत नाही. कापसाचे सोटमूळ काळ्या जमिनीत घट्ट बसते. उपटायला हातचिमटा किंवा उपटणीचे वेगळे अवजार लागते. पंजा उपटलेला ढीग धरतो, उचलतो आणि नेऊन टाकतो. दुकानदार हे आपण होऊन सांगत नाही.

दुसरी गोष्ट वजनाची, आणि इथेच माणसे फसतात. पुस्तिकेत लिहिलेली उचल ही मागच्या दोन दांड्यांच्या टोकाशी मोजलेली असते. पंजातला माल त्याच्याही मागे लोंबतो. आपण हिशेब करू. धरा, ट्रॅक्टर ८०० किलोचा, त्यातले ३२० किलो पुढच्या चाकांवर. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर ५ फूट. पंजा आणि माल मिळून ३०० किलो, मागच्या आसापासून ६ फूट मागे. ३०० गुणिले ६ भागिले ५, म्हणजे ३६० किलो भार पुढून उचलला जातो. पुढे होते ३२० च. ट्रॅक्टर तोंड वर करणार, मग स्टिअरिंग कितीही फिरवा. उचल मात्र पुस्तिकेप्रमाणे बरोबरच होती! म्हणून रिकाम्या पंजाचे वजन आधी विचारा. पंजाच दीडशे किलोचा असेल तर माल काय उचलणार? पुढे वजने लावता येतात, पण त्यालाही मर्यादा आहे. उन्हाळ्यात भेगाळलेल्या वावरात पुढचा आस आधीच मार खात असतो.

तिसरी गोष्ट तेलाची. पंजा मिटायला आणि उघडायला दोन्हीकडून तेल लागते, त्यासाठी ट्रॅक्टरला वेगळा व्हॉल्व्ह आणि दोन नळ्यांची जोडणी हवी. पुष्कळ लहान ट्रॅक्टरांना ती नसते आणि तिचा खर्च पंजाच्या किमतीत धरलेला नसतो.

आमचे मत विचाराल तर पऱ्हाटी, तुराट्या आणि कडब्याच्या पेंढ्या हा सगळा माल हलका पण फुगीर आहे. त्याला मिटणारा पंजा लागतच नाही. लांब दातांचा साधा काटा मागे लावावा, ट्रॅक्टर मागे घेत ढिगाखाली घालावा, उचलावा. तेलाची भानगड नाही, वजन कमी, आणि गावचा लोहार दात सरळ करून देतो. बाभळीची खोडे उचलायची असतील तर मिटणारा पंजा कामाचा, पण ते काम मोठ्या ट्रॅक्टरचे, भाड्याने आणावा. वर्षातून आठ-दहा दिवस चालणाऱ्या लोखंडासाठी कर्ज काढण्यापेक्षा चार घरांनी मिळून एक काटा घेतलेला बरा.

आणि एक सांगून ठेवतो. बुंधा ओढताना साखळी वरच्या दांडीला कधीही बांधू नका. ट्रॅक्टर मागे उलटतो आणि चालवणारा खाली सापडतो. साखळी खालच्या ओढदांडीलाच बांधावी.

सौद्याआधी अवजार आपल्या वावरात आणायला सांगा. आपला ढीग, आपला ट्रॅक्टर, आणि भरलेल्या काट्यासह एक धुरा ओलांडून दाखवायचा. विकणारा नाही म्हणाला तर विसार देऊ नका.