वनस्पती आणि कर्करोग : अभिमानाला प्रमाणाची जोड

(अहिल्यानगर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



आपल्या अकोले तालुक्यातून सह्याद्रीची जी रांग जाते, तीच पुढे दक्षिणेस कोल्हापूर-सिंधुदुर्गच्या अरण्यांत उतरते. तेथे नरक्या नावाचा एक लहान वृक्ष आढळतो. त्याच्या फुलांना दुर्गंध येतो. पण त्याच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य आहे. भारतीय रसायनतज्ज्ञ डॉ. टी. आर. गोविंदाचारी आणि सहकाऱ्यांनी हे १९७२ मध्ये दाखवून दिले.

त्यापूर्वी १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून हे द्रव्य अमेरिकेत प्रथम वेगळे करणाऱ्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी डॉ. मनसुख वाणी हे आपल्या नंदुरबारचे सुपुत्र. टॅक्सॉल या दुसऱ्या वनस्पतिजन्य द्रव्याची रचनाही १९७१ मध्ये वाणी आणि डॉ. मन्रो वॉल यांच्याच चमूने उलगडली.

मात्र मूळ कॅम्प्टोथेसिन रुग्णांना सोसले नाही. प्रारंभीच्या चाचण्या दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. त्याच्या रचनेत बदल करून सिद्ध झालेल्या दोन औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९६ मध्ये. म्हणजे तब्बल तीस वर्षांची तपश्चर्या!

आज इम्युनोथेरपीचे युग आहे. कर्करोगाच्या पेशी आपल्या रोगप्रतिकारशक्तीला जो लगाम घालतात, तो ही औषधे सोडवितात. फुप्फुसाच्या व स्तनाच्या काही कर्करोगांत त्यांच्या जोडीला टॅक्सॉल दिले जाते. दुसरीकडे, कॅम्प्टोथेसिनच्या कुळातील द्रव्य प्रतिपिंडाला जोडून थेट कर्करोगाच्या पेशीपर्यंत पोहोचविणारे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. वनस्पतीचे सामर्थ्य आणि शरीराची संरक्षणव्यवस्था यांचा हा संगम आहे.

म्हणून घरोघरी सांगावयाचे ते हे. प्रयोगशाळेतील पेशींवर एखादे द्रव्य चालले, म्हणजे त्या झाडाचा काढा औषध ठरत नाही. इम्युनोथेरपीत चेतलेली प्रतिकारशक्ती कधीकधी स्वतःच्याच यकृतावर उलटते. अशा वेळी रुग्ण गुपचूप काढे घेत असेल, तर बिघाडाचे कारण वैद्यांनी कसे ओळखावे? गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली; आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद शास्त्रज्ञ सोडवतील. आपण उपचार करणाऱ्या डॉक्टरांपासून काहीही लपवू नये, आणि कोणाच्याही शब्दावर चालू उपचार सोडू नयेत.

दुसरे कर्तव्य वनाचे. औषधी मागणीपायी नरक्याची चोरटी तोड झाली आहे. वृक्षच उरला नाही, तर अभिमान कशाचा बाळगणार?

आपली वनसंपदा थोर आहे, हे निःसंशय. परंतु ते थोरपण जगापुढे सिद्ध होते ते वाणींसारख्यांच्या चिकाटीने. आपल्या मुलांच्या हाती तीच चिकाटी देऊ या.