योग्य वेळी, योग्य दारी



घरात कोणी आजारी पडले की पहिला प्रश्न उभा राहतो, न्यायचे कोठे? बहुधा त्याचे उत्तर घाईत, ओळखीवरून वा इमारतीच्या भव्यतेवरून दिले जाते. वास्तविक ते आजाराचे स्वरूप पाहून द्यावयाचे असते.

साधा ताप, खोकला यांसाठी घराजवळचे परिचित डॉक्टरच उत्तम. रुग्णाची प्रकृती त्यांना ठाऊक असते. परंतु तोंड वाकडे होणे, हात वा पाय लुळा पडणे, जीभ जड होणे ही पक्षाघाताची लक्षणे दिसताच, जेथे चोवीस तास सीटी स्कॅनची सोय आहे तेथेच थेट जावे. मेंदूतील गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. अन्यत्र गमावलेला एक तास आयुष्यभराचे परावलंबन ठरू शकतो.

छत्रपती संभाजीनगर या बाबतीत भाग्यवान आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच सर्वांची ‘घाटी’, १९८९ पासूनचे डॉ. हेडगेवार रुग्णालय आणि २०१२ पासूनचे शासकीय कर्करोग रुग्णालय येथे आहे. मुंबईची वाट धरण्यापूर्वी येथे अवश्य चौकशी करावी.

कोठे कोणती सोय आहे, रात्री तज्ज्ञ असतात का, विमा वा शासकीय योजना चालते का, हे प्रत्येक कुटुंबाने निरोगी असतानाच लिहून ठेवावे. सोबत रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांकही.

चार दानांत औषधदानाचे स्थान मोठे आहे. गोंधळलेल्या शेजाऱ्यास योग्य दार दाखविणे, हेही त्याचेच एक अंग होय.