आधी सांधा, मग सिग्नल

छोटी रेल्वे म्हटली की डोळ्यांसमोर येते ती गोल गोल फिरणारी आगगाडी. पण गाडी पळवणं हा या छंदाचा सर्वांत सोपा भाग. रुळांत वीज सोडली की ती धावते. खरी कसोटी लागते ती सांधे बदलताना आणि सिग्नल देताना.

सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते ती जागा. माझ्या घरच्या रेल्वेत प्रत्येक सांध्याखाली एक लहानशी मोटर आहे. बटण दाबलं की सांध्याची पट्टी सरकते. त्याच बटणाला सिग्नलचा हिरवा दिवा जोडला, तर काम झटपट होतं. पण एखादा खडा अडकून पट्टी अर्ध्यावरच थांबली तर? दिवा हिरवाच लागणार! बटण दाबलं गेलं, एवढंच त्याला कळलं. सांध्याचं काय झालं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

म्हणून मी दिव्याची तार सांध्याजवळच्या एका बारीक स्विचमधून नेतो. पट्टी रुळाला पूर्ण टेकली, तरच तो स्विच जुळतो आणि सिग्नल हिरवा होतो. शिवाय सिग्नल हिरवा असेपर्यंत सांध्याचं बटण चालत नाही.

खऱ्या रेल्वेत यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी सांधे आणि सिग्नल यांची सांगड घालणाऱ्या यंत्रणेचं पेटंट १८५६ साली घेतलं. मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनात सिग्नलवाल्यांना हेच शिकवण्यासाठी १९१२ साली एक छोटी रेल्वे उभारली गेली. ती कित्येक दशकं वापरात होती. आपल्याकडे भुसावळच्या रेल्वे प्रशिक्षण संस्थेतही असं मॉडेल आहे. मोठी माणसं तिथे छोट्या गाड्यांवर धडे गिरवतात, कारण तिथली चूक कुणाच्या जिवावर बेतत नाही.

बाहेर मात्र बेतते. २ जून २०२३ रोजी ओडिशातल्या बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा सिग्नल मिळाला, पण सांधा होता लूप लाइनकडे. गाडी उभ्या मालगाडीवर जाऊन आदळली. त्या अपघातात २९० हून अधिक माणसं गेली. सिग्नलच्या जोडणीत बदल करताना झालेल्या चुका चौकशीत पुढे आल्या. चालकानं सिग्नल पाळला होता. सिग्नलच खरं बोलत नव्हता.

म्हणून छोटी रेल्वे मांडणाऱ्या मुलांना माझं एकच सांगणं असतं. दुसरं इंजिन विकत आणण्याआधी सांध्यात आगपेटीची एक काडी अडकवा आणि बटण दाबा. दिवा लाल राहिला, तर शाबास. हिरवा झाला, तर गाडी बाजूला ठेवा आणि तारा पुन्हा जोडायला बसा.